पडद्यावरचे बाबासाहेब वस्तीपर्यंत केव्हा पोहोचणार?

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाने आपला इतिहास केवळ ग्रंथांतून जपलेला नाही. जलशांनी, शाहिरांच्या डफाने आणि भीमगीतांनी तो पिढ्यान् पिढ्या वस्तीवस्तीत जिवंत ठेवला. सिनेमा हे त्याच मालिकेतले पुढचे माध्यम. मात्र या माध्यमाने बहुजनांना काय दिले, असा हिशेब मांडायला बसलो की आमची निराशाच होते. मराठी पडद्यावर पाटलांचे वाडे दिसले, तमाशाचे फड दिसले, वाडासंस्कृतीचे हुंदकेही ऐकू आले; गावकुसाबाहेरचा माणूस मात्र क्वचितच दिसला. या हिशेबात जमेच्या बाजूला जी थोडी नावे लिहावी लागतात, त्यांत डॉ. जब्बार पटेल हे नाव फार वरचे आहे.

पंढरपुरात १९४२ साली जन्मलेला हा मुस्लिम कुटुंबातला मुलगा पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन बालरोगतज्ज्ञ झाला. दौंडला दवाखाना आणि पुण्यात नाटक, असा त्यांचा दुहेरी संसार होता. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी रंगमंचावर आणले आणि पुण्यातले सनातनी मंडळ खवळले. पेशवाईचे उघडेनागडे चित्र त्यांना सोसवले नाही. संस्थेनेच नाटक थांबवले, तेव्हा पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘थिएटर अकॅडमी’ ही स्वतःची संस्था काढून ते नाटक देशविदेशात नेले. दडपणापुढे मान न तुकवण्याचा हा स्वभाव त्यांच्या पुढच्या कामातही दिसतो.

‘सामना’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव आणि दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक मास्तर यांची ती गाठ. निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या अभिनयाची तारीफ सर्वांनीच केली. आमचे लक्ष मात्र पडद्यावर फारसा न दिसणाऱ्या तिसऱ्याच माणसाकडे जाते. मारुती कांबळे नावाचा एक माणूस गावातून नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, हा एकच प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि त्या प्रश्नाने हिंदुरावाच्या सत्तेचा पाया हादरतो. कोर्टाच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न सिनेमातला वाटत नाही. साक्षीदार फितूर होतात, पंचनामा उशिरा होतो, गाव गप्प बसते, आणि फाईलमध्ये एक मारुती कांबळे कायमचा हरवतो. २००६ च्या खैरलांजीनंतर तर हा प्रश्न आम्ही रस्त्यावर उतरून विचारला.

पुढे ‘जैत रे जैत’ मध्ये ठाकर आदिवासी आले. १९७९ च्या ‘सिंहासन’ मध्ये मंत्रालयातले सत्तेचे बाजार आले, तर ‘उंबरठा’ मध्ये घराबाहेर पाऊल टाकणारी आणि त्याची किंमत मोजणारी स्त्री आली. १९९४ च्या ‘मुक्ता’ मध्ये पटेलांनी जातीवर थेट बोट ठेवले. राजकारणी मराठा घराण्यातली मुलगी आणि चळवळीतला दलित तरुण यांची ती कथा. तिचा अमेरिकेतला कृष्णवर्णीय मित्र इथे येतो आणि वंशभेद व जातिभेद एकाच चौकटीत उभे राहतात. ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मांडणी समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे वऱ्हाडचा धागा सांगितलाच पाहिजे. ‘सिंहासन’ ज्या दोन कादंबऱ्यांवर बेतला, त्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारे अरुण साधू हे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याचे. पटेलांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. त्यांच्याबरोबर होते ‘बलुतं’कार दया पवार आणि मुंबईच्या पारशी लेखिका सूनी तारापोरवाला. दया पवार १९९६ मध्ये गेले. पूर्ण झालेला चित्रपट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. बाबासाहेबांची भूमिका केली ती केरळच्या मामुट्टी यांनी. म्हणजे दिग्दर्शक मुस्लिम, नायक मुस्लिम, लेखकांत एक बौद्ध आणि एक पारशी. बंधुतेचे तत्त्व संविधानाच्या उद्देशिकेत लिहिणाऱ्या महामानवाचे चरित्र अशा हातांनी घडावे, यात मोठे औचित्य आहे.

केंद्र आणि महाराष्ट्र सरकारच्या पैशातून, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळामार्फत हा चित्रपट तयार झाला. कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी, महाडचे पाणी, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान, हिंदू कोड बिल आणि नागपूरची दीक्षा असा हा तीन तासांचा प्रवास आहे. १९९८ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट इंग्रजी चित्रपटाचा मान मिळाला, मामुट्टींना उत्कृष्ट अभिनेत्याचा आणि नितीन देसाईंना कलादिग्दर्शनाचा. ६५ वर्षांचे वादळी आयुष्य तीन तासांत मावत नाही, हे खरेच. बाबासाहेबांचे चरित्र मुळात इंग्रजीत का, असा आक्षेपही घेता येईल. पण दलितांच्या डोळ्यांत केवळ अश्रू दाखवणाऱ्या सिनेमासृष्टीत एक विद्वान, स्वाभिमानी, वाद घालणारा आणि वादात जिंकणारा नायक उभा राहिला, हे मोल कमी नाही.

पुरस्कार मिळाले, पण प्रेक्षकांचे काय? चित्रपटगृहांत तो यायला २००० साल उजाडले. तामिळ आवृत्ती तर वर्षानुवर्षे पडून होती. शेवटी मद्रास उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, तेव्हा कुठे २०१० मध्ये ती तामिळनाडूच्या पडद्यावर पोहोचली. राज्यघटनेच्या शिल्पकाराचा चित्रपट, तोही जनतेच्याच पैशातून झालेला. आणि तो जनतेला दाखवावा म्हणून न्यायालयात जावे लागते! पुतळे उभारण्यात तत्पर असलेल्या व्यवस्थेला विचारांची एवढी धास्ती का वाटते?

केवळ सरकारला दोष देऊन आम्हालाही सुटता येणार नाही. जयंतीला डीजेवर लाखो रुपये उधळणाऱ्या किती मंडळांनी हा चित्रपट वस्तीत दाखवला? आज बाबासाहेब मोबाईलवर अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत येतात. त्यांतले कुठले वाक्य खरे आणि कुठले रचलेले, हे पोरांना कळत नाही. एकट्याने अंगठा सरकवत पाहणे वेगळे आणि आजीपासून नातवापर्यंत साऱ्यांनी एकत्र बसून पाहणे, मग त्यावर चर्चा करणे वेगळे. त्या चर्चेतूनच कार्यकर्ता घडतो.

कायद्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. सार्वजनिक उपक्रमाने केलेल्या चित्रपटाचे हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे त्याच्याकडे राहतात. त्यामुळे विहारात किंवा चौकात जाहीर प्रदर्शन करायचे तर महामंडळाची रीतसर परवानगी घ्यावी. परंतु कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ ने शिक्षणसंस्थांना मोठी मोकळीक दिली आहे. संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित मंडळी एवढ्यांपुरते चित्रपट दाखवणे हा हक्कभंग होत नाही. म्हणजे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या प्रत्येक शाळेला, महाविद्यालयाला आणि आश्रमशाळेला ही वाट मोकळी आहे. मुख्याध्यापकांना तसे लेखी पत्र द्यायला पालकांना कोणी अडवलेले नाही.

अमरावतीत १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न गाजला. ती परिषद भरली होती इंद्रभुवन थिएटरात. नाटकासाठी बांधलेल्या त्या सभागृहात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांनी आपल्या माणुसकीचा हक्क मागितला. त्या परिषदेच्या शताब्दीचे वर्ष आहे २०२७. त्या वर्षी वऱ्हाडात किमान शंभर शाळांतून हा चित्रपट दाखवला जावा आणि नंतर मुलांना बोलू द्यावे. विहार समित्या, भीमजयंती मंडळे आणि वकील बांधवांनी आपापल्या तालुक्याची जबाबदारी आजच वाटून घ्यावी. परवानगीचे अर्ज आम्ही विनामूल्य लिहून देऊ.

जयभीम!