राउ, डॉनीब्रुक आणि अफ्रे : इंग्रजी भांडणांची कुळकथा

आज विषय भांडणाचा आहे, तेव्हा जरा सावरून बसा.

इंग्रजी बातमीच्या मथळ्यात 'आर-ओ-डब्ल्यू' ही तीन अक्षरं दिसली की आपण सवयीने 'रो' वाचतो. ओळ असेल तर ते बरोबर. भांडण असेल तर उच्चार 'राउ', गाईच्या 'काउ'सारखा. हा अठराव्या शतकातला बोलीतला शब्द, त्याच्या कुळाचा पत्ता नाही. बाकीच्यांचा मात्र लागतो. आणि तो लागला की कळतं, भांडणाला नाव बहुधा भांडणारा देत नाही, ऐकणारा-बघणारा देतो. 'फ्रॅका' घ्या. फ्रेंचमार्गे इटालियनमधून आलेला शब्द, मुळात फोडतोड. म्हणजे शेजाऱ्याला आधी खळखट्याक ऐकू आलं! 'क्वॉरल' तेवढा आतल्या माणसाचा. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ होता तक्रार, गाऱ्हाणं.

नाव दुसऱ्याने ठेवलं की काय होतं, हे आयर्लंडला विचारावं. डब्लिनजवळ डॉनीब्रुक नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आलंय. इंग्लंडच्या जॉन राजाने 1204 साली तिथे जत्रा भरवायची सनद दिली. सहाशेहून अधिक वर्षं ती भरली. घोड्यांचा बाजार, खाणंपिणं, नाचगाणं सगळं असायचं, पण बोलबाला झाला तो दारू पिऊन होणाऱ्या मारामाऱ्यांचा. 1855 साली जत्रा बंद झाली. इंग्रजीत 'डॉनीब्रुक' म्हणजे अजूनही धुमश्चक्री. घोडे विकून मुकाट घरी गेलेल्यांची आठवण त्या शब्दात कुठेच नाही. 'रकशन'चं तर आम्हाला जास्त वाईट वाटतं. हा शब्द 'इन्सरेक्शन', म्हणजे उठाव, यावरून झाला असावा असं मानतात, आणि उठाव कुठला, तर आयर्लंडचा 1798चा. हजारो माणसं त्यात मेली. आज घरात पोरांनी दंगा केला तरी रकशनच.

आता आमचा आवडता शब्द, 'अफ्रे'. जुन्या फ्रेंचमधून आलेला. त्याच्या पोटात जर्मानिक कुळातला 'शांतता' या अर्थाचा शब्द दडलाय, आजच्या जर्मनमधल्या 'फ्रीडे'चा नातेवाईक. अफ्रे म्हणजे शांततेतून बाहेर काढणं, दचकवणं. आपण रोज वापरतो तो 'अफ्रेड' याच क्रियापदाचं रूप. आधी शांतता मोडलेला, मग घाबरलेला.

हा शब्द कायद्यात आला तो त्या शांततेसकट. 1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 159 होतं. दोन किंवा अधिक माणसं सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता भंग करतात, तो अफ्रे. इथे कोणी कोणाला मारलं यापेक्षा चौकातल्या तिसऱ्याची शांतता मोडली, हे महत्त्वाचं. म्हणून घरात, दार लावून केलेली हाणामारी अफ्रे होत नाही. इतर कलमं अर्थात आहेतच, तेव्हा खूश होऊ नका! नुसती हमरीतुमरीही पुरत नाही, मारामारीच व्हायला लागते. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हाच गुन्हा कलम 194 मध्ये आहे. कैद पूर्वीसारखीच, जास्तीत जास्त एक महिना. दंडाची मर्यादा मात्र शंभर रुपयांवरून हजारावर गेलीय.