सोलापूरच्या चुनखडीयुक्त जमिनीतील टोमॅटो : शेणखत व रासायनिक खते यांचा परस्परसंबंध

सोलापूर जिल्हा महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. येथील बेसॉल्टजन्य जमीन बहुतांशी चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असून तीत पालाश पुरेसे, परंतु नत्र व सेंद्रिय कर्ब अल्प आढळतात. अशा जमिनीत टोमॅटोस शेणखत द्यावे की रासायनिक खत, हा वाद बव्हंशी निरर्थक आहे, हे साध्या हिशेबानेही स्पष्ट होते.

टोमॅटोच्या सरळ वाणांसाठी हेक्टरी 20 टन शेणखत आणि 200 किलो नत्र, 100 किलो स्फुरद व 100 किलो पालाश अशी शिफारस राज्यात प्रचलित आहे. शेणखतात नत्र सुमारे अर्धा टक्का असते. म्हणजे 20 टनांत 100 किलो नत्र भरते. परंतु पहिल्या हंगामात त्याचा साधारणतः एक तृतीयांश भागच पिकास उपलब्ध होतो. 200 किलोंची गरज केवळ शेणखतावर भागवावयाची झाल्यास हेक्टरी 120 टन लागतील. दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या शेतकऱ्याने ते आणावे कोठून? त्यातच काही शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते.

केवळ रासायनिक खतांचा मार्गही येथे तोट्याचाच ठरतो. विम्लधर्मी जमिनीवर युरिया उघडा फेकल्यास नत्राचा काही अंश अमोनियारूपाने हवेत उडून जातो. स्फुरद चुन्याशी संयोग पावून अविद्राव्य बनते. शेणखत कुजताना निर्माण होणारी सेंद्रिय आम्ले हे स्फुरद काही अंशी मोकळे करतात, तसेच जस्त व लोह पिकास घेता येतील अशा स्वरूपात राखतात. म्हणूनच निम्मे नत्र व संपूर्ण स्फुरद-पालाश लागवडीच्या वेळी आणि उर्वरित नत्र हप्त्यांनी, मातीआड करून देणे इष्ट ठरते.

सर्वांत उद्‌बोधक उदाहरण कॅल्शियमचे आहे. जमिनीत चुना विपुल असूनही टोमॅटोच्या फळाचा देठाविरुद्धचा भाग काळा पडून कुजतो. कारण कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच फळापर्यंत पोहोचते. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या की तो पुरवठा खंडित होतो. अमोनियायुक्त नत्राचा अतिरेक ही विकृती वाढवितो, तर सेंद्रिय पदार्थ जमिनीतील ओलावा टिकवून तिला आळा घालतात.

शेणखताच्या टंचाईवर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या प्रेसमडचे कंपोस्ट हा व्यवहार्य पर्याय आहे. मात्र ते पूर्ण कुजलेले असावे. अर्धवट कुजलेले खत आरंभी जमिनीतीलच नत्र शोषून घेते आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्याही शेतात येतात.