रक्त किती गेलं, हे आधी मोजा!

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. विषय आहे आफ्रिकेतल्या बायकांचं बाळंतपण, आणि एक साधी प्लास्टिकची पिशवी. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण ज्याने कधी सर्व्हरचं मॉनिटरिंग केलंय, त्याला ही गोष्ट लगेच कळेल.

आधी आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ लाख ६० हजार बायका गरोदरपणात किंवा बाळंतपणामुळे दगावल्या. त्यातल्या साधारण ७० टक्के सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या होत्या. आणि कारणांमध्ये सगळ्यात वर आहे रक्तस्राव.

हे होतं कसं? बाळ बाहेर आलं, वार पडली, की गर्भाशय मुठीसारखं घट्ट आवळलं जातं आणि उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. काही वेळा ते सैलच राहतं. मग रक्त थांबतच नाही, आणि धडधाकट बाईसुद्धा एक-दोन तासांत हातची जाऊ शकते. साधारणपणे अर्धा लिटरपेक्षा जास्त रक्त गेलं की डॉक्टर त्याला अतिरक्तस्राव म्हणतात. एक लिटर गेलं की तो गंभीर.

आता गंमत अशी, की यावर औषधं आहेत. गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन कित्येक दशकं वापरात आहे. रक्ताची गुठळी टिकवून धरणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमध्ये उताको ओकामोतो आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६० च्या दशकात शोधलं. २०१७ मध्ये २० हजार बायकांवरच्या चाचणीत दिसलं, की बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत ते दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात.

मग अडतं कुठे?

पहिलं म्हणजे, मोजायचं कुणी? बऱ्याच ठिकाणी नर्स किंवा सुईण नुसत्या नजरेने अंदाज घेते. रक्त चादरीत मुरतं, कापडात जातं, गर्भजलात मिसळतं. अंदाज चुकतो, आणि बहुतेक वेळा कमीच येतो. हे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या शेजारच्या बेळगावात झाला. तिथे बाळंतिणीखाली पसरायची, नरसाळ्यासारखी पिशवी असलेली प्लास्टिकची चादर वापरली. २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले: नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी होता.

दुसरं म्हणजे, उपचार एकामागून एक व्हायचे. आधी मालिश, मग थोडं थांबून बघायचं, मग इंजेक्शन, मग परत वाट. म्हणजे अलर्ट उशिरा, आणि त्यानंतरही एकेक स्टेप सावकाश. आपल्याकडे असं झालं तर वेबसाइट पडते. तिथे आई जाते.

यावर केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांत 'ई-मोटिव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. ८० हॉस्पिटलं, आणि २ लाख १० हजारांवर बाळंतपणं. निम्म्या हॉस्पिटलांना खुणा केलेली पिशवी मिळाली. ३०० मिलिलिटरच्या रेषेला सावध व्हायचं, ५०० ला थांबायचंच नाही. पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी बघायचं. आणि अलर्ट आला की सगळं एकदमच सुरू: गर्भाशयाला मालिश, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी, आणि गरज पडली तर मोठ्या डॉक्टरांना हाक.

बाकीच्या हॉस्पिटलांत पिशवी होती, पण तिच्यावर रेषा नव्हत्या, आणि उपचार नेहमीच्या पद्धतीने चालले.

निकाल २०२३ मध्ये आला. रेषांच्या हॉस्पिटलांत अतिरक्तस्रावाच्या १०० पैकी ९३ केसेस वेळेत ओळखल्या गेल्या. बाकीच्या ठिकाणी फक्त ५१. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडून करावं लागणारं ऑपरेशन किंवा त्यामुळे मृत्यू, या तिन्हींचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. म्हणजे ६० टक्के घट! ही घट मुख्यतः गंभीर रक्तस्रावातली आहे. मृत्यू मुळातच थोडे होते, त्यामुळे नुसत्या मृत्यूंबद्दल या एका चाचणीवरून ठाम बोलता येत नाही.

मग झालं का सगळं? नाही. ही चाचणी हॉस्पिटलमधल्या नॉर्मल डिलिव्हरीची होती. सिझेरियन आणि घरी होणारी बाळंतपणं त्यात नव्हती. पिशवी एकदाच वापरायची, म्हणजे दर बाळंतपणाला नवी लागणार, आणि ती कुणीतरी विकत घेऊन वेळेवर पोचवायला हवी. ऑक्सिटोसिन थंड ठेवावं लागतं, म्हणजे फ्रीज आणि वीज हवी. रक्त चढवायची वेळ आली तर रक्तही जवळ हवं. रवांडाने यासाठी २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या पाठवायला सुरुवात केली, कारण डोंगराळ रस्त्यांवर गाडीला वेळ लागतो.

पण मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यातलं एकही औषध नवं नव्हतं, आणि मेहनत करणाऱ्या नर्सही त्याच होत्या. बदललं ते इतकंच, की अंदाजाच्या जागी माप आलं, आणि माप दिसल्यावर काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. रात्री दोन वाजता वॉर्डात एकटी असलेल्या नर्सला 'करू का थांबू?' असा विचार करत बसावं लागत नाही. रेषा ओलांडली, की कामाला लागायचं.

'आफ्रिकेत डॉक्टर कमी, पैसा कमी, काय करणार?' असं कुणी म्हणालं, तर त्यांना या पिशवीवरच्या दोन रेषांबद्दल नक्की सांगा. हा भाग आवडला तर मित्रमैत्रिणींना फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!