जर्मनीत स्वतः मर्यादित दायित्वाची कंपनी स्थापताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कंपनी बुडाली तरी भागधारकाने कबूल केलेल्या भांडवलापलीकडे त्याच्या खासगी मालमत्तेवर टाच येऊ नये, या तत्त्वाला मर्यादित दायित्व म्हणतात. लहान व मध्यम उद्योगांसाठी या तत्त्वावर बेतलेला स्वतंत्र कंपनी-प्रकार जर्मनीने १८९२ च्या कायद्याने निर्माण केला आणि आज तो जीएमबीएच या आद्याक्षरांनी ओळखला जातो. जर्मनीत व्यवसाय उभारू पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात भारतातील प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे चित्र असते. मात्र दोन्हींचे नियम सारखे नाहीत आणि तो फरक आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

गैरसमज : वकिलाशिवाय कंपनी स्थापता येत नाही.
वस्तुस्थिती : वकील सक्तीचा नाही, नोटरी मात्र टाळता येत नाही. जर्मन नोटरी हा केवळ सही-शिक्का देणारा नसून कायद्याचे शिक्षण घेतलेला तटस्थ पदाधिकारी असतो. तो दस्तऐवज मोठ्याने वाचून दाखवतो, त्याचे परिणाम समजावतो आणि त्याचे शुल्कही कायद्यानेच ठरलेले असते. भागधारक जास्तीत जास्त तीन आणि संचालक एकच असल्यास कायद्याने दिलेला नमुना-मसुदा वापरून खर्च कमी करता येतो; परंतु त्यात बदल करता येत नसल्याने भागीदारांमधील मतभेद किंवा एखाद्याचे बाहेर पडणे यांसाठीच्या खास तरतुदी त्यात बसत नाहीत. १ ऑगस्ट २०२२ पासून रोख भांडवलाची कंपनी नोटरीसमोर व्हिडिओद्वारेही स्थापता येते.

गैरसमज : २५,००० युरो बँकेत कायमचे अडकून पडतात.
वस्तुस्थिती : किमान भांडवल २५,००० युरो असले, तरी रोख भांडवल असल्यास नोंदणीच्या अर्जापूर्वी प्रत्येक हिश्श्याचा किमान चौथा भाग आणि एकूण किमान १२,५०० युरो भरलेले असले की पुरते, आणि ही रक्कम पुढे यंत्रे, भाडे, पगार अशा व्यवसायाच्या कामी वापरता येते. उरलेली रक्कम मात्र माफ होत नाही. ती भागधारकाकडून कंपनीला येणे राहते आणि दिवाळखोरीत वसूल केली जाते.

गैरसमज : एक युरोत सारे काही साधते.
वस्तुस्थिती : २००८ च्या सुधारणेने आलेली ‘यूजी’ ही जीएमबीएचची धाकटी आवृत्ती एक युरोच्या भांडवलावर स्थापता येते, पण नोटरी व नोंदणीचा खर्चच त्याहून कितीतरी जास्त असल्याने अशी कंपनी जन्मतःच कर्जबाजारी होण्याचा धोका असतो. शिवाय भांडवल २५,००० युरोंपर्यंत वाढेपर्यंत तिला दरवर्षीच्या नफ्याचा चौथा हिस्सा राखीव ठेवावा लागतो.

गैरसमज : नोटरीकडे सही झाली की संरक्षण सुरू होते.
वस्तुस्थिती : स्थानिक न्यायालयाकडील व्यापारी नोंदवहीत, म्हणजे हांडेल्सरेगिस्टरमध्ये, नोंद झाल्यावरच जीएमबीएच अस्तित्वात येते, आणि त्याआधी तिच्या नावाने जो व्यवहार करतो तो व्यक्तिशः जबाबदार धरला जातो.

गैरसमज : मर्यादित दायित्व म्हणजे संचालकाला कोणतीच झळ नाही.
वस्तुस्थिती : कर्तव्यात कसूर करणाऱ्या संचालकाकडून कंपनी भरपाई मागू शकते. देणी भागवणे अशक्य झाल्यास त्याने विलंब न लावता, उशिरात उशिरा तीन आठवड्यांत, दिवाळखोरीचा अर्ज केला पाहिजे. तसे न करणे हा गुन्हा आहे. बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली असेल, तर त्या कर्जापुरते संरक्षण उरतच नाही.

गैरसमज : परदेशी नागरिकाला हा मार्ग बंद आहे.
वस्तुस्थिती : भागधारक किंवा संचालक होण्यासाठी जर्मन नागरिकत्व लागत नाही. तथापि, नोकरीसाठी मिळालेल्या निवास परवान्यावर राहणाऱ्या भारतीयाने स्वतःचा व्यवसाय चालवण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी घेतली पाहिजे.

मर्यादित दायित्व हे शिस्तीच्या मोबदल्यात कायद्याने दिलेले संरक्षण आहे. म्हणून स्वतः कंपनी स्थापू इच्छिणाऱ्याने नोंदणीपूर्वी मोठे करार टाळावेत, पहिल्या वर्षाच्या खर्चाला पुरेल एवढे भांडवल ठेवावे आणि कंपनीचा पैसा घरखर्चापासून पहिल्या दिवसापासून वेगळा राखावा.