पॉयाकचे घोडे आणि अण्णांच्या चार ओळी



मी नोकरीला तुलूजला असलो तरी जन्म निफाडकडचा, द्राक्षबागेतला. त्यामुळे बोर्डो हे नाव मला वाइनच्या आधी मोरचुदामुळे माहीत. मोरचूद, चुना नि पाणी म्हणजे बोर्डो मिश्रण. लहानपणी त्यानं हात निळे झालेले असायचे. ते याच भागातलं. मेडॉकमधले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे, चोरांनी घड खाऊ नयेत म्हणून. त्याच वेली डाऊनीतून (म्हणजे आपला केवडा) वाचल्याचं प्रा. मिलार्दे यांच्या लक्षात आलं, आणि १८८५ च्या सुमारास जगाला औषध मिळालं.

यंदा जूनमध्ये अण्णा आले होते. त्यांना आयफेल टॉवरपेक्षा बागा बघायच्या होत्या, म्हणून पॉयाकला शातो पॉन्ते-काने इथे नेलं. अठराव्या शतकातली ही इस्टेट, १८५५ च्या सुप्रसिद्ध वर्गवारीत पाचव्या श्रेणीत. १९७५ पासून तेसरों कुटुंबाकडे. सुमारे ८० हेक्टर. आमच्यासारखा मांडव नाही, वेली कमरेएवढ्याच. आणि ओळींतून घोडा चाललेला!

अण्णा म्हणाले, "यांचा ट्रॅक्टर बिघडला काय?"

नाही. ट्रॅक्टरनं माती दबते म्हणून २००८ पासून हे लोक घोडे वापरू लागले. त्याआधी २००४ मध्ये थोड्या भागावर रसायनं बंद करून बघितली, मग सगळ्या बागेत. पद्धत बायोडायनॅमिक. गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर पुरायचं, मग ते पाण्यात घुसळून फवारायचं. चंद्राच्या कलांचं गणित माझ्या इंजिनियरच्या डोक्यात शिरत नाही. अण्णांना मात्र शेणाचं ऐकून बरं वाटलं. जीवामृताचा भाऊच की, म्हणाले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. २००७ ला पाऊस लागला, डाऊनी पसरला. मालक आल्फ्रेद तेसरों यांनी धीर सोडला आणि रासायनिक फवारणी केली. पीक वाचलं, पण सेंद्रियचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून. प्रमाणपत्र आलं ते २०१० मध्ये. मग २०१८ ला तसाच डाऊनी आला. या वेळी त्यांनी हात आखडला. सुमारे दोन तृतीयांश पीक गेलं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं एकदा एवढं गेलं तर सोसायटीचं कर्ज कोण फेडणार?"

बरोबरच आहे. या घराण्याच्या २००९ आणि २०१० च्या वाइनना रॉबर्ट पार्करनं शंभरपैकी शंभर गुण दिले होते. एवढं नाव असलं की एखादं वर्ष गिळता येतं. बाटलीमागे मिळणारा भाव आणि पेटीमागे मिळणारा भाव यांची तुलना कशाला करायची? तरीही २०१८ ला त्यांनी जे सोसलं ते सोपं नव्हतं, हे मी मानतो.

गाडीत अण्णांनी वेगळाच हिशेब काढला. युरोपात सेंद्रिय बागेलाही तांबं चालतं, पण मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४. आपण एक टक्क्याचं मिश्रण हेक्टरी हजार लिटर मारलं तर दहा किलो मोरचूद जातं, त्यात अडीच किलो तांबं. "म्हणजे दोन फवारण्यांत कोटा संपला की रे," अण्णा म्हणाले. "आणि ते तांबं जमिनीतून जात नाही कुठं."

ऑक्टोबर छाटणीनंतर त्यांनी विहिरीकडच्या चार ओळी वेगळ्या ठेवल्यात. शेणखत, ताक, जीवामृत. ब्लोअर तिथे वळवायचा नाही अशी गड्याला ताकीद. परवा फोन आला. अवकाळी पावसाचे ढग आहेत आणि पानांवर तेलकट डाग दिसलेत.

"मारताय का?" मी विचारलं.

"रविवारपर्यंत बघतो."

निफाड-पिंपळगावकडे कुणाची माणसं असतील तर पाऊस कसा आहे तेवढं कळवा, मंडळी.