बसवून ठेवलं म्हणजे सांभाळलं?

“तुम्ही उठू नका, आम्ही आणतो.” सत्तरीपुढचं माणूस असलेल्या घरात हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, ते एकदा कान देऊन ऐकावं. पाणी जागेवर, पेपर जागेवर, चहा तर जागेवरच. भाजीला निघालेल्या आईच्या हातातली पिशवी काढून घेतली जाते. जिना उतरणाऱ्या वडिलांना अर्ध्यातून मागे बोलावतात. न्यू जर्सीतला मुलगा कॅमेऱ्यात पाहून फोन करतो, “बाबा, गॅलरीत कशाला गेलात?” यामागे माया आहे, कोण नाही म्हणतो? पण या मायेखाली एक समजूत दडलेली आहे : हलले नाहीत तर पडणार नाहीत. ती साफ चुकीची आहे, आणि तरीही मला ती आठवड्याला नव्या कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागते.

पडण्याची भीती खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांनंतर याचाच क्रमांक लागतो, आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त. प्रश्न एवढाच, की यावर आपण जो उपाय करतो त्याने पडणं कमी होतं की वाढतं?

2007 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. सरासरी 67 वर्षांच्या निरोगी, हिंडत्या-फिरत्या मोजक्या स्वयंसेवकांना 10 दिवस अंथरुणात ठेवलं. आजार नाही, ताप नाही, नुसतं पडून राहणं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला आणि मांडीची ताकद सुमारे 16 टक्क्यांनी उतरली. माणसं थोडी होती, मान्य. आणि आपले बाबा काही चोवीस तास अंथरुणात नसतात, हेही मान्य. पण सकाळी खुर्ची, दुपारी पलंग, संध्याकाळी मालिकांसमोर सोफा, असं वर्षभर चाललं तर घसरण कोणत्या दिशेला असेल ते वेगळं सांगायला नको. मांडी अशक्त झाली की तोल जातो, तोल गेला की भीती वाटते, भीती वाटली की माणूस आणखी कमी हलतो. मग एक दिवस संडासातून उठताना पाय थरथरतात आणि घरचे म्हणतात, “बघा, तरी सांगत होतो, बसून राहा.”

“या वयात आता काय व्यायाम?” हा पुढचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर 1990 मध्येच मिळालेलं आहे. बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. हलकाफुलका नव्हे, चांगला कस लागेल असा. ज्यांनी तो पुरा केला त्यांची पायांची ताकद सरासरीने जवळजवळ पावणेतीन पट झाली. दोघांना चालायला काठी लागेनाशी झाली. नव्वदीतला स्नायूही शिकतो. त्याला शिकवत नाही ते आपण.

आणि पडण्याचं काय? कॉक्रेन या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात 108 चाचण्या आणि 23 हजारांहून अधिक माणसं होती, सगळी साठीपुढची आणि स्वतःच्या घरी राहणारी. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण 23 टक्क्यांनी कमी झालं. तोल आणि ताकद या दोन्हींचा व्यायाम एकत्र केला तर आणखी कमी. इथे “आमचे बाबा रोज बागेत फेरी मारतात, पुरे की” म्हणणाऱ्यांनी थोडं थांबावं. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असा भक्कम पुरावा या आढाव्यात नाही. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. ते सोडायचं नाहीच. पण तोल सुधारायचा तर तोलालाच काम द्यावं लागतं : ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल जुळवून उभं राहणं, हातांचा आधार न घेता खुर्चीतून पुन्हा पुन्हा उठणं. सुरुवातीला जवळ कोणीतरी उभं असावं, आणि गुडघे किंवा हृदयाची तक्रार असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून करावं.

घरच्या घरी एक परीक्षा घेता येते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका आहे असं समजून डॉक्टरांशी बोलावं. म्हणजे हिंडणं बंद करायचं नव्हे, व्यायाम सुरू करायचा.

डॉक्टरांकडे जाताना औषधांची सगळी पिशवी न्यावी. पुष्कळदा पाय घसरत नाही, डोकं हलकं होतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा त्याहून अधिक उतरला तर चक्कर येऊ शकते. म्हणून रक्तदाब बसवून मोजला तसा उभं करूनही मोजायला सांगावं. झोपेची गोळी, रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची, एवढंच काय, सर्दीची साधी गोळीसुद्धा यात हातभार लावते. स्वतःच्या मनाने मात्र एकही बंद करू नये.

घरात काय करायचं ते बहुतेकांना माहीत असतं, पण केलेलं नसतं. बाथरूमची फरशी ओली, पायपुसणं सरकणारं, रात्रीचा दिवा नाही, आणि आजी डबा काढायला स्टुलावर. (वास्तूची दिशा बघून झालेली असते, उंबरठ्याची उंची कोणी बघत नाही.) सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे टॉवेल अडकवायची दांडी. पाय घसरला की हात तिच्याकडेच जातो आणि ती भिंतीतून उखडून हातात येते. माणसाचं वजन पेलणारी दांडी वेगळी मिळते. ती कमोडशेजारी आणि नळाजवळ पक्क्या भिंतीत ठोकून घ्यावी. रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्यांवर जीव टाकू नये. सपाता मागून बंद असलेल्या घ्याव्यात, आणि गाऊन, लुंगी, साडी घोट्याच्या वरच असावी.

आता बाकीचे समज, झटपट.

काठी घेतली की सवय लागते? चष्म्याचीही लागते. मात्र काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची असते. निम्मे लोक त्याच बाजूला धरतात, असं रस्त्यात बघताना वाटतं. हात सरळ सोडल्यावर मनगटापर्यंत येईल एवढी तिची उंची.

“मोतीबिंदू पिकू द्या” हा जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला सल्ला. आता थांबण्याची गरज नसते. उलट 2005 च्या एका ब्रिटिश चाचणीत, सत्तरीपुढच्या ज्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांचं पडण्याचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमी होतं.

म्हातारपणी हलकंच खावं? मऊ भात, पातळ वरण आणि रात्री नुसतं दूध, यावर मांडीचा स्नायू टिकत नाही. तज्ज्ञ वृद्धांसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं सुचवतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम तरी. पातळ वरणाच्या वाटीतून जेमतेम पाच-सहा मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडूनच घ्यावा.

ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस म्हणजे पडण्यावर कवच? 2010 च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले; त्या जास्त पडल्या, हाडंही जास्त मोडली. कमतरता असेल तर भरून काढावी, पण डॉक्टर सांगतील तेवढीच.

“या वयात खुब्याचं ऑपरेशन झेपणार नाही.” बहुतेकदा न झेपणारी गोष्ट असते ती महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणं. खुबा मोडल्यावर शक्य तर पहिल्या एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया आणि तिच्या दुसऱ्या दिवशी उभं करणं, हीच आजची रीत आहे.

“आमच्याकडे कोणी पडलेलं नाही.” तुम्हाला सांगितलेलं नाही. अमेरिकेत 65 पुढच्या चारांतला एक दरवर्षी पडतो आणि निम्म्याहून कमी जण डॉक्टरांना सांगतात, असं तिथली रोगनियंत्रण संस्था म्हणते. आपल्याकडे न सांगण्याचं कारण सोपं आहे : सांगितलं की देवळात जाणं बंद.

आणि कोणी पडलंच, तर काखेत हात घालून लगेच उचलू नका. आधी बोला, कुठे दुखतं ते विचारा. जांघेत कळ येत असेल, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवू नका, 108 ला फोन करा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डोक्याला लागलेला लहानसा मारही त्याच दिवशी रुग्णालयात दाखवा. टेंगूळ उतरलं तरी पडल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मेंदूबाहेर हळूहळू साचणारं रक्त कधी कधी दोन-तीन आठवड्यांनी लक्षणं दाखवतं. तेव्हा बोलणं अडखळतं, माणूस गोंधळतो, पेंगतो, आणि घरचे समजतात की आता वय झालं.