हलत्या खुर्चीची शंभर वर्षं

डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पुढं पंधरवडाभर मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या कडेला माणसांचा पूर लोटतो. दर्शन झालं की पोरांची पावलं पाळण्यांकडं वळतात. पैसे मोजायचे, बसायचं, पोटात गोळा येईपर्यंत हलायचं आणि जिथून निघालो तिथंच उतरायचं. गेम खेळणाऱ्यांच्या जगात ज्याला मोशन सिम्युलेटर म्हणतात, ती पडद्यावरच्या गाडीबरोबर झुकणारी, हिसके देणारी खुर्ची, याच पाळण्याच्या कुळातली आहे. पाळणा एकाच चालीनं फिरत राहतो. खुर्ची मात्र पडद्यावर ब्रेक लागला की पुढं कलते, वळण आलं की कुशीवर जाते. गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या हौशी लोकांनी अशा खुर्च्या भंगारातल्या मोटरी आणि लाकडी फळ्या वापरून घरी केल्या. अशी घरची खुर्ची म्हणजे लाखो रुपयांच्या यंत्राची हलकी नक्कल, असा समज सर्रास आढळतो. या यंत्राचा मागोवा घेतला की चित्र नेमकं उलटं दिसतं. त्याचा जन्मच जुगाडातून झाला. महाग ते मागाहून झालं, आणि आता पुन्हा घरी परतलं आहे. डहाणू–तलासरीसारख्या भागानं या परतीकडं लक्ष द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात एका पिंपापासून होते. 1910च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत कंपनीच्या विमानांवर शिकणाऱ्यांसाठी लाकडी पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक बसवून शिकवणीचं साधन केलं होतं. शिकाऊ वैमानिक वरच्या भागात बसे, खाली उभी असलेली माणसं हातांनी पिंप कलवत आणि त्यानं चाकं फिरवून ते सरळ करायचं. मोटर नाही, वीज नाही. त्यानंतर आला एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याची फी परवडत नाही म्हणून या तरुणानं 1920च्या दशकाच्या अखेरीस कारखान्यातलेच हवेचे भाते घेतले आणि त्यांवर एक बुटकं विमान बसवलं. भात्यातली हवा कमी-जास्त केली की विमान झुकायचं. आपल्याकडच्या बाजाच्या पेटीत जी कल्पना आहे तीच, फक्त सुराऐवजी हालचाल काढायची. 1929 साली त्यानं पेटंटचा अर्ज केला. वैमानिक शिकवणाऱ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही, तेव्हा त्याची सुरुवातीची बरीचशी यंत्रं जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांत नाणं टाकून बसायचा खेळ म्हणून गेली. 1934 साली अमेरिकी लष्करावर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी आली, खराब हवेत वैमानिक मरू लागले, आणि मग लष्करानं प्रत्येकी 3,500 डॉलरना 6 लिंक ट्रेनर घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी सुमारे 10,000 यंत्रं तयार झाली. म्हणजे जत्रेतला खेळ आधी आणि लष्कराचं शिक्षण नंतर, असा हा क्रम आहे. ‘गेमसाठी कशाला एवढा खटाटोप’ असं विचारणाऱ्यानं तो लक्षात ठेवावा.

मधल्या पन्नास वर्षांत हे यंत्र सामान्य माणसाच्या हातून गेलं. बर्मिंगहॅमच्या डनलॉप कारखान्यात एरिक गॉफ यानं टायर तपासण्यासाठी सहा पायांवर पेललेली, हव्या त्या दिशेनं कलणारी चौकट केली होती. 1965 साली डी. स्टुअर्ट यांचा तशाच रचनेवरचा निबंध आला आणि विमान कंपन्यांचे सिम्युलेटर अशा सहा पायांवर उभे राहिले. त्यांची किंमत आज कोटींमध्ये मोजतात. करमणुकीच्या बाजूनं सेगा कंपनीनं 1985च्या ‘हँग ऑन’पासून हलते कॅबिनेट आणले. आपल्याकडं खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात 2013 नंतर लोक तिकीट काढून हलत्या खुर्च्यांवर बसू लागले. बसणारा बसतो आणि उतरतो. आत काय चाललं आहे हे त्याला कळत नाही, कळावं अशी सोयही नसते.

परतीचा प्रवास 2005च्या आसपास सुरू झाला. त्या वर्षी इटलीतल्या इव्रेआ गावी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो नावाचा स्वस्त बोर्ड तयार झाला आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला गेला. दुसरीकडं गाड्यांचे गेम आपल्या आतली माहिती, म्हणजे गाडी किती वेगात आहे, किती कलली आहे, कुठल्या बाजूला जोर बसतो आहे, हे सेकंदाला अनेकदा बाहेर पाठवू लागले. ती माहिती घेऊन मोटरींना हुकूम देणारी सिमटूल्स, फ्लायपीटी मूव्हर अशी सॉफ्टवेअरं हौशी लोकांमधूनच पुढं आली. उरला प्रश्न जोराचा. तो सोडवला गाडीच्या काचेवरचं पाणी पुसणाऱ्या वायपरच्या मोटरीनं. ती 12 व्होल्टवर चालते, तिच्या आत वर्म गिअर असल्यानं फिरते सावकाश पण रेटा मोठा देते, आणि भंगाराच्या दुकानात सहज मिळते.

या मोटरीपाशी थोडं थांबायला हवं, कारण खरं शिक्षण इथंच आहे. तिच्यात कायमचे चुंबक असतात, तेव्हा तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरायला हवी. फिरतेही. पण पुष्कळ मोटरींत एक ब्रश थेट बॉडीला अर्थ केलेला असतो, कारण गाडीत सगळी बॉडीच ऋण तार असते. अशा दोन मोटरी एकाच लोखंडी चौकटीवर आवळल्या आणि एक सुलटी, दुसरी उलटी फिरवायला गेलं की एकीच्या बॉडीवर 12 व्होल्ट आणि दुसरीच्या बॉडीवर शून्य. चौकटीतून सरळ शॉर्ट. म्हणून मोटर उघडायची, तो ब्रश बॉडीपासून सोडवायचा आणि त्याची वेगळी तार बाहेर काढायची. दुसरी अडचण अशी की मोटरीला आपण कुठं आहोत हे माहीत नसतं. जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागं असतो तसला पोटेन्शियोमीटर तिच्या दांड्याला जोडला की बोर्डाला 0 ते 1023 असा आकडा मिळतो. 512च्या आसपास खुर्ची मध्यावर. हवा तो आकडा आणि आहे तो आकडा यांतली चूक किती, ती किती वेळ साचली आहे, किती झपाट्यानं बदलते आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरावर मोटरीला द्यायचा जोर ठरतो. पहिल्या उत्तराला फाजील महत्त्व दिलं की खुर्ची थरथरत राहते, कमी दिलं की आळसावते. कारखान्यातल्या भट्टीचं तापमान राखणारं नियंत्रण याच हिशेबावर चालतं. खुर्चीखाली मधोमध जो सांधा लागतो तो ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, आणि तलासरीच्या महामार्गालगत गॅरेजवाल्याला तो काय असतो हे सांगावं लागत नाही. मोटरींना वीज पुरवणारे ड्रायव्हर बोर्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळतात, आणि 2013पासून डहाणूहून चर्चगेटकडं लोकल धावते.

यावर जाणकाराचा पहिला आक्षेप असा, की एवढं करून हालचाल खोटीच. आक्षेप बरोबर आहे, पण पुरता नाही. सांध्यापासून 40 सेंटिमीटरवर मोटरीचा 5 सेंटिमीटरचा दांडा जोडला तर खुर्ची साधारण 7 अंश कलते आणि अंगाला गुरुत्वाकर्षणाच्या एक अष्टमांश एवढा ओढा जाणवतो. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला तर याच्या पाच-सहा पट ओढा असतो. तरीही मेंदू फसतो, कारण आपल्या कानाच्या आत कॅल्शियमच्या बारीक खड्यांवर चालणारी जी यंत्रणा आहे तिला कलणं आणि वेग बदलणं यांत फरक करता येत नाही. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत हा आइनस्टाइनला 1907 साली सुचलेला विचार इथं शरीराला प्रत्यक्ष जाणवतो. कोटींचा सिम्युलेटरसुद्धा हीच युक्ती वापरतो. तो फक्त अधिक सफाईनं आणि अधिक दिशांनी फसवतो. तिथंही गतीचा उपयोग किती यावर वाद आहेत. 2012 साली डच संशोधकांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नवशिक्यांना आणि अचानक बसलेला धक्का सावरण्याच्या कामी हालचालीचा फायदा दिसला, मुरलेल्या वैमानिकांना फारसा नाही. त्यामुळं ‘घरच्या खुर्चीवर उत्तम ड्रायव्हर घडतील’ असा दावा कुणी करू नये. 2021च्या केंद्रीय नियमांनी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग प्रशिक्षण केंद्रांना सिम्युलेटर सक्तीचा केला आहे. ते काम त्या यंत्रांचं. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ज्या अपघातात मृत्यू झाला त्यानं हा रस्ता देशभर माहीत झाला. अशा रस्त्यावरची सुरक्षितता वायपरच्या मोटरीवर सोपवण्याइतकी स्वस्त गोष्ट नाही. घरच्या खुर्चीचं मोल ती चालवण्यात थोडं आणि ती घडवण्यात फार आहे.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. आदिवासी तालुक्यांत, जिथं रोजगारासाठी माणसं गाव सोडतात, तिथं गेमच्या खुर्चीचं कौतुक कशाला? याचं उत्तर डहाणू तालुक्यातच, कोसबाडच्या टेकडीवर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, आणि पुढं 1957 साली ते काम कोसबाडला आलं. माँटेसरीची साधनं त्यांच्यापुढं होती, पण ती महाग आणि परकी. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं उचलली आणि त्यांतून मोजणं, जुळवणं, ओळखणं शिकवलं. तेव्हाही कुणी म्हणालं असतं की पोटाला नाही तिथं खेळ कशाला. खेळ हाच शिक्षणाचा दरवाजा आहे हे त्यांनी वारली पाड्यांवर करून दाखवलं, आणि स्वस्त साधन म्हणजे कमअस्सल साधन नव्हे हेही. पुढं पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमानं, जो डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली उभारला, हाच धागा तंत्रशिक्षणात नेला. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक तिथं सुरू झाली ती उगाच नव्हे. शिंपल्यांच्या जागी आज वायपरची मोटर ठेवली तर कोसबाडची रीत मोडत नाही, पुढं सरकते. शिवाय जून 1991च्या केंद्रीय अधिसूचनेनं डहाणू तालुक्यात उद्योगांवर मर्यादा घातल्या, त्या पर्यावरणासाठी योग्यच होत्या. पण म्हणून इथल्या मुलांना मोठ्या कारखान्याचं दार वापी–उंबरगावकडं शोधावं लागतं. तिथं हेल्पर म्हणून शिरायचं की मोटर, सेन्सर आणि नियंत्रण यांची ओळख घेऊन शिरायचं, हा फरक पगारात आणि मानात दोन्हीकडं दिसतो.

खर्चाचं गणितही सरळ मांडायला हवं. मोटरी, बोर्ड, लाकूड आणि भंगारातली सीट काही हजारांत बसतात. स्टिअरिंगचं चांगलं चाक एकटंच 25-30 हजारांना जातं आणि कॉम्प्युटर वेगळा. इथं ‘स्वस्त’ हा शब्द बरेचदा निम्मा खरा असतो. वाट मात्र आहे. 2016पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणजे कॉम्प्युटर आणि आर्डुइनो बऱ्याच जागी आधीच आलेले आहेत. ‘युरो ट्रक सिम्युलेटर 2’ 2012चा आहे, तो साध्या मशीनवर चालतो. खरं तर गेमही लागत नाही. आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप मोबाइलमधल्या सेन्सरची नोंद करतं. चारोटी ते तलासरी एसटीत फोन ठेवला तर त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ब्रेक आकड्यांत उतरतो. तीच नोंद बोर्डाला दिली की खुर्ची तो रस्ता पुन्हा चालते, आणि वर्गातली मुलं कागदावर आलेख पाहत तोच धक्का अंगावर घेतात. यंत्र शिकवण्याची याहून थेट रीत मला माहीत नाही.

राहिली सुरक्षितता, आणि इथं आक्षेप घेणाऱ्यांचं सगळं म्हणणं मान्य करावं लागतं. माणूस बसलेली खुर्ची हलवणारी मोटर बोट चिरडू शकते, बोर्डानं चुकीचा आकडा वाचला तर खुर्ची एका टोकाला जाऊन आदळते. वर्म गिअरमुळं वीज गेली तरी ती सहसा धाडकन खाली येत नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये. दांड्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी अडसर, तारेत फ्यूज, आणि बसणाऱ्याच्या हाताशी वीज तोडणारं लाल बटण, एवढं झाल्याशिवाय कुणालाही बसवू नये. डहाणू आणि तलासरीच्या शाळांमधल्या, आयटीआयमधल्या शिक्षकांना एवढीच विनंती: खुर्चीची घाई नको. एक मोटर, एक पोटेन्शियोमीटर आणि एक बोर्ड टेबलावर मांडा, मोटरीला 512वर स्थिर उभी करून दाखवा. ते जमलं की दुसरी मोटर आणा. आणि लाल बटण पहिल्याच दिवशी जोडा.